हैदराबादची भूल

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कादंबरीत मी नायकाला बेशुद्ध केले. रात्रीची वेळ, नांदेडच्या घाटावर सामसूम, मागून येणारा एक इसम, त्याच्या हातातील रुमाल, आणि त्या रुमालावर क्लोरोफॉर्म. नायक कोसळला. सारे मिळून एक वाक्य. कादंबरी प्रसिद्ध झाली, चार मित्रांनी पाठ थोपटली, आणि महिनाभराने लातूरहून एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे गृहस्थ निवृत्त भूलतज्ज्ञ होते. अक्षर डॉक्टरांचे असूनही वाचता येण्याजोगे होते. मजकूर एवढाच: "गुरुजी, आपला नायक ज्या वेगाने बेशुद्ध झाला त्या वेगाने माणूस क्लोरोफॉर्मने बेशुद्ध होत नाही. त्याला काही मिनिटे लागतात, आणि तो तोवर हातपाय झाडतो. क्वचित त्या वेगाने होते ते निराळेच. त्याला बेशुद्ध होणे म्हणत नाहीत, मरणे म्हणतात. या विषयाचा निकाल लावण्यासाठी एकेकाळी आपल्याच राजधानीत चारशेहून अधिक जनावरे खर्ची पडली आहेत. कधी सवड झाली तर वाचावे."

आपली राजधानी म्हणजे हैदराबाद. आम्हा मराठवाड्यातील लोकांना हा शब्द अजून उमगतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड, लातूर, बीड, परभणी, औरंगाबाद ही सारी निजामाच्या मुलखात होती. पुण्या-मुंबईचे लोक या मुलखाला मोगलाई म्हणत आणि म्हणताना किंचित नाक मुरडत. मोगलाईत शाळा थोड्या, वर्तमानपत्रे त्याहून थोडी, आणि जे काही भव्य होई ते हैदराबादेत. तेव्हा आमच्या वाट्याला आलेल्या इतिहासात लढे आहेत, रझाकार आहेत, सारा वसुली आहे; पण एका रसायनाच्या वाफेने प्राणी नेमका कसा मरतो याचा शोध जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर एके काळी तेथे घेतला गेला, हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले नव्हते.

पोस्टकार्डाने डिवचले म्हणून मी वाचू लागलो. विज्ञान हा माझा विषय नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु ही गोष्ट विज्ञानाइतकीच माणसांची निघाली.

क्लोरोफॉर्म १८३१ च्या सुमारास अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनी अशा तीन देशांत तिघांनी एकमेकांना न कळता तयार केले. सोळा वर्षे त्याचे कोणाला फारसे महत्त्व वाटले नाही. मग ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री एडिंबरो येथे डॉक्टर जेम्स यंग सिम्सन आणि त्यांचे दोन सहकारी जेवणाच्या टेबलाभोवती बसून निरनिराळी द्रव्ये हुंगून पाहत होते. (शास्त्रज्ञांच्या जेवणावळीही अशाच असावयाच्या!) क्लोरोफॉर्मची पाळी आली तेव्हा तिघेही आधी मोठमोठ्याने बोलू लागले आणि मग टेबलाखाली गेले. शुद्धीवर आल्यावर सिम्सनसाहेबांना कळून चुकले की बाळंतिणीच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेदनांवर औषध सापडले. काही आठवड्यांत ते युरोपभर पसरले.

आणि तीन महिने पुरते उलटले नाहीत तोच पहिला बळी पडला. २८ जानेवारी १८४८. इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी. पायाच्या अंगठ्याचे नख काढायचे, एवढीच शस्त्रक्रिया. त्याआधी दुसऱ्या पायाचे नख ईथर देऊन काढले होते, त्यामुळे तिला काय होणार हे ठाऊक होते आणि ती फार भ्याली होती. खुर्चीत बसताना ती रडत होती. फडक्यावर चमचाभर क्लोरोफॉर्म टाकून नाकाशी धरले. तिने दोन-चार श्वास घेतले. आणि दोन-तीन मिनिटांच्या आत सारे संपले. नखासाठी मुलगी गेली.

वाचकांनी ही मुलगी आणि तिचे रडणे लक्षात ठेवावे. पुढील त्रेसष्ट वर्षे मोठमोठ्या विद्वानांच्या ध्यानात जे आले नाही ते त्या रडण्यात होते.

अशा मृत्यूंची संख्या वाढत गेली. फार नव्हे, सुमारे तीन हजार रोग्यांमागे एक असा पुढे हिशोब निघाला. पण जो एक जाई तो बहुधा धडधाकट असे आणि दात, नख, गळू असल्या क्षुल्लक कामासाठी आलेला असे. तेव्हा प्रश्न उभा राहिला: क्लोरोफॉर्म मारते ते कसे? हृदय बंद पाडून, की श्वास कोंडून?

लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी या प्रश्नाला पहिल्यांदा मोजमाप लावले. कॉलऱ्याची साथ पाण्यातून पसरते हे १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवणारे ते हेच. राणी व्हिक्टोरियाला १८५३ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारेही हेच. स्नो काचेच्या मोठ्या बरणीत ठराविक हवा घेत, तीत मोजून वाफ सोडत, आणि उंदीर, पाखरू किंवा बेडूक आत ठेवून घड्याळ पाहत. शंभर भाग हवेत चार-पाच भाग वाफ असली तर प्राणी सावकाश झोपतो, आठ-दहा भाग झाली तर हृदयच लुळे पडते, असे त्यांचे अनुमान. आज एखाद्या कारखान्यातील नव्या रसायनाची वाफ किती घातक आहे हे ठरवताना जी रीत वापरतात तिचे मूळ या बरणीत आहे.

एडिंबरोवाल्यांचे मत उलटे. तेथील प्रख्यात शल्यवैद्य जेम्स साइम म्हणत की नाडीला हात लावूच नका, श्वासाकडे पाहा. श्वास नीट चालला आहे तोवर रोगी सुखरूप आहे. लंडन म्हणे नाडी, एडिंबरो म्हणे श्वास. आपल्याकडे दोन घराण्यांच्या गवयांत जसे चाले तसे हे चालले होते.

साइम यांचा एक शिष्य एडवर्ड लॉरी हिंदुस्थानात आला आणि १८८५ साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन झाला. तेथील वैद्यकीय शाळाही त्याच्या हाती आली. ही शाळा १८४६ सालची. लॉरीने तेथे विद्यार्थ्यांना गुरुमंत्र दिला तो साइमचाच: नाडी विसरा, श्वास पाहा. मोठा हिकमती आणि हेकट माणूस. हजारो रोग्यांना आपल्या पद्धतीने भूल देऊन एकही दगावला नाही असे तो सांगे. त्याच्याविषयी वाचताना मला आमच्या एका जुन्या मुख्याध्यापकांची आठवण झाली. त्यांचेही बहुतेक निर्णय बरोबर असत, आणि त्यामुळेच जो चुके तो त्यांच्यापुढे कोणाला मांडता येत नसे.

ईथर का वापरले नाही, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. ईथर हृदयाला सौम्य खरे. पण ते पस्तीस अंशांच्या आतबाहेर उकळते, आणि पेट घेते. नांदेडच्या वैशाखात बाटलीचे बूच काढले की ते रोग्याच्या आधी खोलीला भूल देईल, आणि कंदील जवळ असला तर पुढचे बोलायलाच नको. उष्ण मुलखाला क्लोरोफॉर्मच सोयीचे होते. म्हणून हा वाद आमच्याकडे केवळ पुस्तकी नव्हता.

लॉरीने १८८८ साली पहिले कमिशन नेमवले. अध्यक्ष होते डॉक्टर पॅट्रिक हेहिर. शहरातील शंभरावर बेवारस कुत्री क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आली आणि प्रत्येकाच्या बाबतीत आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतर थांबते, असे नमूद झाले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने यावर शंका घेतली. कुत्र्यांची संख्या पुष्कळ असेल, पण उपकरणे कोठे होती, निरीक्षकांची तयारी किती, असा त्यांचा सूर होता. लॉरी पेटला. त्याने निजामाकडे शब्द टाकला.

निजाम मीर महबूब अली खान तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचे होते. दिवाण होते सर असमान जाह. हैदराबाद दरबाराने 'लॅन्सेट'ला कळवले की आपण आपला माणूस पाठवा, एक हजार पौंड आम्ही देतो. विचार करा: लंडनच्या पत्राने शंका घ्यावी आणि मोगलाईने स्वतःच्या खर्चाने परीक्षक बोलवावा! त्या पैशांत सारा भरणाऱ्या आमच्या गोदाकाठच्या कुणब्यांचेही चार पैसे असणारच. नांदेडला त्या वेळी रेल्वे नव्हती, ती यायला आणखी दहा-अकरा वर्षे होती. लातूरला तर १९११ साली बार्शी लाइट रेल्वे आली. बैलगाडीने दवाखाना गाठणाऱ्या मुलखाने जगातील भुलीच्या वादाला पैसा पुरवला.

'लॅन्सेट'ने पाठवले ते डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना. छातीच्या कळांवर अमिल नायट्राइट हे औषध १८६७ साली शोधून काढणारे हे मोठे औषधशास्त्रज्ञ. क्लोरोफॉर्मचा हृदयाला धोका आहे असे मानणाऱ्यांपैकी ते होते, म्हणजे लॉरीच्या विरुद्ध पक्षाचे. कमिशनवर त्यांच्याशिवाय लॉरी स्वतः, हिंदुस्थान सरकारतर्फे डॉक्टर बॉमफर्ड, आणि हैदराबादचे डॉक्टर रुस्तमजी. २३ ऑक्टोबर १८८९ रोजी काम सुरू झाले आणि १८ डिसेंबरपर्यंत चालले. पंचांग मागे मोजत गेलो तर ते दिवस आश्विनातील अमावास्येच्या आसपासचे निघतात. म्हणजे येथे घरोघरी अभ्यंगस्नाने चालली असतील तेव्हा हैदराबादेत या कामाचा आरंभ होत होता.

काम कसे चाले हे थोडे सविस्तर सांगतो. प्राण्याला टेबलावर बांधीत. गळ्यातील धमनीत नळी घालून ती रक्तदाब दाखवणाऱ्या यंत्राला जोडीत. काजळी धरलेला कागद एका पिंपावर गुंडाळलेला असे. पिंप घड्याळाच्या चालीने फिरे आणि यंत्राची सुई त्या काजळीवर रेघ ओढी. हृदय जोरात तर रेघ वर, मंद तर खाली, बंद तर सपाट. टोपीतून किंवा फडक्यातून क्लोरोफॉर्म देत. कुत्रे, माकडे, बकऱ्या, मांजरे, ससे, घोडेसुद्धा. कोणाला थोडे, कोणाला एकदम पुष्कळ. कोणाचा श्वास मुद्दाम कोंडून. काहींना आधी फॉस्फरस चारून त्यांचे हृदय चरबीने रोगट केले आणि मग भूल दिली, कारण रोगट हृदयाच्या माणसाला क्लोरोफॉर्म देऊ नये अशी समजूत होती. ज्या शस्त्रक्रियांत माणसे अचानक मरत, दात उपटणे, नख काढणे, त्याही अर्धवट भुलीत करून पाहिल्या. मनात येईल ती प्रत्येक शंका त्यांनी तपासली. ही माणसे आळशी किंवा अप्रामाणिक होती असे कोणालाही म्हणता येणार नाही.

डिसेंबरच्या आरंभी ब्रंटनसाहेबांची तार 'लॅन्सेट'मध्ये झळकली. चारशेहून अधिक जनावरे वापरली. धोका आहे तो श्वास कोंडण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा. हृदयाला थेट धोका मुळीच नाही. विरुद्ध पक्षाचा परीक्षक लॉरीच्या पक्षात गेला होता! हैदराबादेत केवढा आनंद झाला असेल. सविस्तर अहवाल 'लॅन्सेट'ने १८९० च्या जानेवारीत छापला, आणि सारे कागद, रेघांच्या चित्रांसह, १८९१ साली मुंबईच्या टाइम्सच्या छापखान्यात पुस्तकरूपाने निघाले.

या साऱ्या घडामोडीत एक बाई आहेत, त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. रूपाबाई फरदूनजी. पारशी घराण्यातील. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८५ साली ज्या थोड्या मुली दाखल झाल्या त्यांपैकी त्या एक, आणि कमिशनच्याच वर्षी, १८८९ साली, त्या शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. भूल देणे हेच त्यांनी आयुष्याचे काम केले. पुढे १९०९ साली शिकण्यासाठी त्या एडिंबरोला गेल्या आणि १९२० साली निवृत्त होईपर्यंत हैदराबादच्या दवाखान्यांत राबत राहिल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज त्यांची गणना होते. मोगलाईने नाक मुरडणाऱ्यांना दाखवण्याजोगी ही एक गोष्ट तरी माझ्या हाती आली.

आता दुसरी बाजू. हैदराबादचा निकाल चुकीचा होता.

तो पुरता चुकीचा होता असे नव्हे. मात्रा वाढत गेली तर आधी श्वास थांबतो हे खरेच आहे, आणि श्वासाकडे लक्ष ठेवा हा उपदेश सोन्यासारखा आहे. परंतु 'हृदयाला थेट धोका मुळीच नाही' हे खोटे. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी एका प्राण्याचे रक्त दुसऱ्याच्या मेंदूत फिरवून दाखवले की क्लोरोफॉर्म हृदयालाच दुबळे करते. लॉरीने हे अखेरपर्यंत मानले नाही. उलट तो अधिकच ताठर झाला. त्याची शिकवण घेतलेले डॉक्टर नाडीला हात न लावता भूल देत राहिले.

खरा उलगडा व्हायला १९११ साल उजाडले. लंडनचे डॉक्टर गुडमन लेव्ही मांजरांवर प्रयोग करीत होते. त्यांना दिसले की गाढ भुलीतील मांजर सुरक्षित असते. अर्धवट भुलीतील मांजराला अ‍ॅड्रिनॅलिन टोचले तर त्याचे हृदय एकाएकी ठोके सोडून नुसते फडफडू लागते, आणि एका क्षणात खेळ आटोपतो. अ‍ॅड्रिनॅलिन म्हणजे भीतीच्या वेळी शरीर आपल्याच रक्तात सोडते ते द्रव्य. भूल चढत असताना जो घाबरतो, रडतो, झटापट करतो, त्याच्या रक्तात ते आपोआप येते. थोडे क्लोरोफॉर्म आणि पुष्कळ भीती, या दोहोंनी मिळून हृदय बंद पडते. हॅना ग्रीनर रडत होती.

मग चारशेहून अधिक जनावरांत हे का दिसले नाही? याचे एक उत्तर आमच्या सातवीच्या मुलालाही सांगता येईल. जो अपघात तीन हजारांत एकदा होतो तो चारशेंत न दिसणे हेच अधिक संभवनीय आहे. चारशे ही संख्या ऐकायला केवढी मोठी! टेबलाजवळ उभे राहून ती जनावरे एकेक करून मरताना पाहणाऱ्याला तर ती अगणितच वाटली असेल. पण विचारलेल्या प्रश्नाच्या मानाने ती अपुरी होती. दुसरे असे की अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध रूपात वेगळे काढले गेले ते १९०१ च्या सुमारास; लॉरी आणि ब्रंटन यांना त्याचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते. भीती हे टोचता येण्याजोगे, मोजता येण्याजोगे काही असेल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

मला त्या कुत्र्यांचे वाईट वाटते, हे कबूल करतो. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात अशा घरात मी वाढलो. इंग्लंडात १८७६ सालच्या कायद्याने असल्या प्रयोगांना परवाना लागे आणि लोकांचा ओरडाही होई; हैदराबादच्या गल्लीतील कुत्र्याला ना कायदा ना कैवारी. इतका मोठा प्रयोग हैदराबादेत होऊ शकला यात निजामाच्या औदार्याइतका त्या गल्ल्यांचाही वाटा आहे. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणारा कायदा १९६० साली झाला आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यात आहे.

प्रयोग मात्र थांबले नाहीत, आणि ते सरसकट थांबवा असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा विषाचे माप म्हणून धरावी अशी रीत घातली. वाफेच्या बाबतीत आज बहुधा उंदरांच्या जातीतील मोठे प्राणी, रॅट म्हणतात ते, बंद पेटीत चार तास त्या हवेत ठेवतात आणि पुढे चौदा दिवस त्यांची पाहणी करतात. त्यातून जो आकडा निघतो त्यावरून पिंपावर कवटीचे चिन्ह चिकटवायचे की नाही ते ठरते. या रीतीचे नियम १९८१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. आता थोडक्या प्राण्यांत काम भागवण्याच्या नव्या रीतीही निघाल्या आहेत.

ते नियम ठरून तीन वर्षे झाली आणि २ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट सुटले. त्या वाफेने प्राणी कसा मरतो यावर तोवर फार थोडे काम झालेले होते. दवाखान्यांत लोटलेल्या हजारो माणसांना काय द्यावे हे डॉक्टरांना कळेना. त्या वायूचे पेट्यांतील सविस्तर प्रयोग नंतर झाले. ग्वाल्हेरला झाले, अमेरिकेत झाले. हैदराबादला माणसे वाचवण्यासाठी आधी जनावरे मेली. भोपाळला आधी माणसे मेली आणि मग उंदीर. या दोहोंतले कोणते बरे, असे वर्गात एका मुलीने मला विचारले. मी फळा पुसायला वळलो.

क्लोरोफॉर्म आता शस्त्रक्रियेच्या टेबलावरून गेले आहे. ते कारखान्यांत आहे. शीतयंत्रातील वायू आणि तव्यावर चिकटू न देणारा तो थर बनवताना लागते. अफझलगंजचा जुना दवाखाना १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात गेला आणि त्या काठावर पुढे उस्मानिया रुग्णालयाची इमारत उभी राहिली. आमच्याकडचे किती रोगी तेथे गेले असतील याची गणती नाही. मीही एकदा मामांना घेऊन गेलो होतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भूल देणाऱ्या बाई येऊन मामांच्या खाटेवर बसल्या, गावाकडच्या पावसाची चौकशी केली, नातवंडांची नावे विचारली. मामा म्हणाले, डॉक्टरीणबाई मोठ्या बोलक्या आहेत हो. तेव्हा मलाही तसेच वाटले होते.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ते वाक्य बदलले. आता नायक रुमालाशी अर्धे पान झगडतो, ओरडतो, घाटाच्या पायऱ्यांवर पाय आपटतो, आणि मग कोठे निपचित पडतो. एक प्रत लातूरला पाठवली. उलट टपाली पोस्टकार्ड आले. "गुरुजी, वेळ आता बरोबर. पण नायक फारच घाबरलेला दाखवला आहे. मी असतो तर अशा रोग्याला त्या दिवशी टेबलावर घेतले नसते. घरी पाठवून दिले असते."